आलुबुखाराचे कुळगोत्र

आमच्या लहानपणी घरात कोणाला ताप आला की आजी वाण्याकडून आलुबुखाराची पुडी मागवीत असे. काळपट, सुरकुतलेली, बोटांना चिकटणारी ती पाच-सहा फळे रात्रभर दगडी वाटीत भिजत पडत. आणि सकाळी त्यांचा आंबटगोड कोळ, वर चिमूटभर जिरेपूड आणि सैंधव घालून, तोंडाला चव यावी म्हणून आजाऱ्याला चाटविला जाई. औषध म्हणून आजवर जे जे पोटात गेले, त्यांत मनापासून आवडले ते एवढेच. 'बुखार' म्हणजे ताप आणि 'आलू' म्हणजे बटाटा एवढे हिंदी मला त्या वयात येत होते. तेव्हा तापात द्यावयाचा हा एखादा वाळविलेला बटाटाच असावा, अशी माझी कित्येक वर्षे पक्की समजूत होती.

एकदा तापातून उठल्यावर मी वाटीतल्या बिया जमविल्या आणि परसात, विहिरीच्या कडेला पुरल्या. पाऊस आला आणि गेला. उगवला तो तेरडा. आजीकडे तक्रार नेली तेव्हा ती निवडत्या तांदळावरून मान वर न करता म्हणाली, "अरे, ते बुखाऱ्याचं फळ. इथं कसं उगवेल?"

बुखारा हे मध्य आशियातले, आजच्या उझबेकिस्तानातले शहर, हे पुष्कळ पुढे कळले. फारसीत 'आलू' म्हणजे हेच फळ. आपला जर्दाळू त्याच नावाचा भाऊबंद. 'जर्द' म्हणजे पिवळा, म्हणून पिवळा आलू तो जर्दाळू. आणि आजीच्या पुडीला साक्षीदार मिळाला तोही साधासुधा नव्हे, तर बाबर बादशहा (१४८३–१५३०). हिंदुस्थानात चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, अशी कुरकुर करणाऱ्या या गृहस्थाने आपल्या आत्मचरित्रात बुखाऱ्याच्या आलूला कोठेच तोड नाही असे लिहून ठेवले आहे. लोक तो सोलून वाळवितात, अपूर्वाईची भेट म्हणून देशोदेशी नेतात, आणि पोट साफ करण्यास तो उत्तम, असेही तो सांगतो. वाण्याच्या पुडीला पाचशे वर्षांची परंपरा आहे हे वाचून मला आजीचा उगीचच अभिमान वाटला.

पण आजीचे उत्तर अर्धेच बरोबर होते. आलुबुखाराच्या बीला काही महिने ओल आणि गारठा दोन्ही मिळाल्यावाचून ती डोळा उघडत नाही, आणि झाडालाही दर हिवाळ्यात पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय नीट मोहोर येत नाही. आमच्या परसात ती थंडी कोठून येणार? हे झाले एक कारण. दुसरे असे की, बी उगवली असती तरी त्या झाडाला बुखाऱ्याचे फळ लागलेच असते असे नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. हापूसच्या कोयीपासून हापूस होत नाही. त्याला कलमच बांधावे लागते. पोर्तुगिजांच्या अमदानीत गोव्यात आंब्याची कलमे बांधली गेली म्हणून हापूस आपल्यापर्यंत पोचला. आलुबुखाराचेही तसेच. काही गावठी जाती बीपासून बऱ्यापैकी आईवर जातात. पण बहुतेक नामांकित जातींची बी पेरली की निराळेच काही हाती येते, आणि ते बहुधा हलक्या प्रतीचे असते. चांगले झाड एकदा सापडले की ते टिकविण्याचा मार्ग एकच : त्याची काडी कापावयाची आणि दुसऱ्या खुंटावर चढवायची. त्यामुळे आलुबुखाराचा इतिहास पाहू लागावे तर तो अशा हातोहात गेलेल्या काड्यांचा इतिहास निघतो. आणि काडी मुकी असल्यामुळे ती जेथे जाते तेथे लोक तिला मनाला येईल ते नाव देतात.

या फळाची जगात दोन मोठी घराणी आहेत. एक चीनचे, दुसरे युरोपचे. चिनी भाषेत या झाडाला 'ली' म्हणतात, आणि तेच अक्षर तेथे कोट्यवधी लोक आडनाव म्हणून लावतात. तांग वंशाचे बादशहा (६१८ ते ९०७) या ली कुळातले. म्हणजे आपल्याकडे जसे कोणी आंबेकर किंवा फणसे असावेत, तसे ते आलुबुखारे! सहाव्या शतकात जिया सिश्ये नावाच्या अधिकाऱ्याने 'छीमिन याओशू' हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, ली बीपासून लावले तर फळाला पाच वर्षे लागतात, म्हणून रोपच लावावे. ते तीन वर्षांत फळते. झाड तीस वर्षे टिकते, आणि म्हातारपणी फांद्या वाळल्या तरी फळ लहान होत नाही. एवढ्यावर तो थांबत नाही. फळ भरपूर यावे म्हणून वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात वीट किंवा दगड ठेवावा, असे तो सांगतो. या विधीचे नाव काय, तर 'लीचे लग्न लावणे'. दिवाळी सरली की अंगणात तुळशीचे लग्न लावणाऱ्या आपल्या मंडळींना या नवरीची ओळख परकी वाटू नये.

येथे एक गल्लत सांगून टाकतो. चिनी आणि जपानी चित्रांत बर्फातून उमलणारी जी फुले दिसतात, आणि ज्यांना इंग्रजी पुस्तकांत सरसकट 'प्लम' म्हटलेले असते, ती या झाडाची नव्हेत. ते झाड जर्दाळूला अधिक जवळचे. जपानी लोक भाताबरोबर जे खारट-आंबट 'उमेबोशी' खातात तेही त्याच फळाचे. मी स्वतः पुष्कळ दिवस ही चूक करीत होतो.

युरोपी घराण्याची वंशावळ मोठी भानगडीची आहे. या झाडाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात. कॉकेशस आणि आसपासच्या मुलखातल्या चेरी-प्लममध्ये १६, आणि युरोपातल्या काटेरी रानझाडात ३२. सोळा आणि बत्तीस मिळून अठ्ठेचाळीस! एवढे सुरेख गणित जुळल्यावर हा या दोघांचा संकर असणार, असे शास्त्रज्ञांनी ठरवून टाकले. अलीकडच्या संशोधनाने त्यावर शंका काढल्या आहेत आणि प्रकरण पुन्हा सुनावणीस आले आहे. आपण त्यात पडायला नको.

रोमन पंडित प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला, त्याने आपल्या विश्वकोशात आलुबुखाराच्या जातींची चक्क गर्दी झाल्याचे लिहिले आहे. रोमन माळ्यांना कलमांचा एवढा नाद होता की ते बदामावर काय आणि अक्रोडावर काय, याची काडी चढवून पाहत, असे तो सांगतो. त्यांतले किती जगले असेल देव जाणे. त्या गर्दीत सीरियातल्या दमास्कसची एक जात आहे, आणि ती इटलीत केव्हाच रुजली आहे, हेही तो नोंदतो. इंग्लंडातले 'डॅमसन' हे नाव त्या दमास्कसवरूनच पडले. पश्चिमेकडे अशी कथा सांगतात की, ही काडी धर्मयुद्धाहून परतणाऱ्या सरदारांनी आणली. सरदारांना मान द्यायला माझी हरकत नाही. पण पहिल्या धर्मयुद्धाच्या हजार वर्षे आधी जी गोष्ट इटलीत रुजली होती, ती आणण्याचे श्रेय घोडेस्वाराऐवजी कोणा अनामिक माळ्याकडे जावे, हे बरे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली समुद्रतळातून वर काढण्यात आले. त्यात तोफा, धनुष्ये यांच्याबरोबर एक टोपलीही सापडली, आणि तीत होत्या आलुबुखाराच्या बिया. बुडण्यापूर्वी कोणी तरी ती फळे मिटक्या मारीत खाणार होता.

त्याच काळात फ्रान्सच्या गादीवर पहिला फ्रान्सिस होता. त्याची राणी क्लोद. तिला सात मुले झाली आणि ती १५२४ साली, पंचविशीही पुरी न करता वारली. नवऱ्याच्या पराक्रमाच्या आणि भानगडींच्या कथांनी ग्रंथ भरले आहेत. या बिचारीला इतिहासाने दोन ओळी दिल्या असतील-नसतील. पण फ्रान्सच्या बाजारात हिरवट-सोनेरी, मधासारखे गोड असे एक फळ येते, त्याला आजही 'रेन क्लोद', म्हणजे क्लोदराणी, म्हणतात. तेच फळ अठराव्या शतकात इंग्लंडला गेले. सफोक परगण्यातल्या गेज नावाच्या एका सरदाराने फ्रान्समधून झाडे मागविली. वाटेत बाकीच्या झाडांच्या चिठ्ठ्या शाबूत राहिल्या, एवढी एकच गळून पडली. माळ्याने चार दिवस वाट पाहिली, आणि फळ हिरवे, धनी गेज, म्हणून नाव ठेवले 'ग्रीनगेज'. आज इंग्रजी बोलणाऱ्या साऱ्या मुलखात ते याच नावाने ओळखले जाते. एका दोऱ्याची गाठ सुटली आणि इंग्लंडात राणीचे राज्य गेले!

इंग्रजांच्या नावांच्या गोंधळाचा एक नमुना तर आपल्याकडेही दर डिसेंबरात मिळतो. मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांत आणि गोव्यात नाताळात 'प्लम केक' विकत घेतला तर त्यात बेदाणे सापडतात, मनुका सापडतात; प्लम मात्र शोधूनही सापडत नाही. सतराव्या शतकापासून इंग्लंडात बेदाण्या-मनुकांनाही 'प्लम' म्हणण्याचा प्रघात पडला. प्रघात मागे राहिला, नाव केकवर चिकटले.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला आजँ नावाचे गाव आहे. तेथल्या सुक्या आलुबुखाराची कीर्ती मोठी. ज्या जातीचे ते करतात तिचे नाव 'प्रून द आंत', आणि 'आंत' या जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी कलम. जवळच्या क्लेराकच्या मठातील साधूंनी ते प्रथम बांधले, अशी तेथील दंतकथा आहे. एक किलो सुके फळ करावयाचे तर सुमारे तीन किलो ओले लागते. पण ते वर्षभर टिकते आणि जहाजातून दूरवर जाते, म्हणून त्याचा व्यापार वाढला.

या मुलखातला लुई पेलिये नावाचा एक माणूस सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियात गेला. सोने काही हाती लागले नाही. तेव्हा त्याने १८५० साली सॅन होजे येथे रोपवाटिका घातली. मग त्याला गावाकडच्या झाडांची आठवण झाली, आणि त्याचा भाऊ पिएर फ्रान्सला जाऊन १८५६ साली काड्या घेऊन परतला. समुद्रावरचे ते दिवस काड्यांनी कसे काढले असतील? सांगतात ते असे की, त्यांची बुडे कच्च्या बटाट्यांत खोचली होती. बटाट्याच्या ओलाव्यावर त्या जगल्या. हे वाचले तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. माझी लहानपणची समजूत अगदीच काही वेडगळ नव्हती. आलूचे आणि आलूचे शेवटी कोठे तरी नाते जुळलेच!

त्या काड्यांपासून सांता क्लारा खोऱ्यात मैलोगणती बागा उभ्या राहिल्या. वसंतात सारे खोरे पांढरेशुभ्र होई, आणि १९०० सालापासून सॅराटोगा गावी त्या मोहोराचा उत्सव भरू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र तेथे कारखाने आले, मग इलेक्ट्रॉनिक्स आले, झाडे तुटली, आणि त्या खोऱ्याचे नाव झाले सिलिकॉन व्हॅली. आपल्याकडची कितीतरी मुलेमुली आज जेथे संगणकापुढे बसतात, ती क्युपर्टिनो, सनीव्हेल ही गावे एके काळी आलुबुखाराच्या आणि जर्दाळूच्या बागांची होती. कॅलिफोर्नियाची आलुबुखारे उत्तरेला सॅक्रामेंटो खोऱ्यात सरकली. अमेरिकेतले जवळजवळ सगळे सुके आलुबुखार अजून त्या राज्यातलेच. माझा एक भाचा सनीव्हेलला असतो. तो दर खेपेला एक पाकीट आणतो. एका वर्षी पाकिटावरचे 'प्रून' हे नाव जाऊन 'ड्राइड प्लम' आले. चौकशी केली तेव्हा समजले की, प्रून म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे म्हातारी माणसे आणि त्यांची पोटाची तक्रार उभी राहते, म्हणून व्यापाऱ्यांनी २००० साली सरकारकडून नाव बदलण्याची परवानगी मिळविली होती. बाबराने जो गुण म्हणून कौतुकाने लिहिला, त्याचीच यांना लाज वाटली! पुढे त्यांना पुन्हा जुन्या नावाकडे वळावे लागले, ते ठीकच झाले.

त्याच कॅलिफोर्नियात सांता रोझा गावी ल्यूथर बरबँक (१८४९–१९२६) राहत होता. योगानंदांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांना हे नाव परिचित असेल. १९४६ सालचे ते पुस्तक त्यांनी या माळ्याच्याच स्मृतीस अर्पण केले आहे. १८८१ साली एका सावकाराला एकाच मोसमात आलुबुखाराची वीस हजार कलमे हवी होती. एरवी खुंट वाढायलाच वर्ष-दीड वर्ष जाते. सगळ्यांनी नाही म्हटले, बरबँकने हो म्हटले. त्याने झटपट उगवणारे बदाम पेरले, रोपे वीतभर वाढताच त्यांच्यावर आलुबुखाराचे डोळे भरले, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी साडेएकोणीस हजारांच्या वर कलमे मोजून दिली.

मग जपानातल्या सात्सुमा मुलखात रक्तासारखे लाल आलुबुखार होते, असे एका दर्यावर्दी माणसाच्या प्रवासवर्णनात त्याच्या वाचनात आले. त्याने रोपे मागविली. पहिली खेप वाटेतच मेली. दुसऱ्या खेपेची बारा रोपे १८८५ सालच्या डिसेंबरात जिवंत पोचली. या बारा रोपांच्या जिवावर त्याने चिनी-जपानी घराण्याचा अमेरिकेत विस्तार केला. त्याने आयुष्यात आलुबुखाराच्या शंभरावर नव्या जाती काढल्या, आणि त्यांतली सर्वांत गाजली ती १९०६ सालची. तिला त्याने आपल्या गावाचेच नाव दिले, 'सांता रोझा'. मूळ चीनचे, आले जपानहून म्हणून 'जपानी' म्हणविले गेलेले, आणि नाव स्पॅनिश संतिणीचे! नव्या झाडावर मालकी सांगण्याचा कायदा अमेरिकेत १९३० साली झाला, तोवर बरबँक मरून चार वर्षे झाली होती. त्याच्या हयातीत त्याच्या काड्या ज्याने त्याने कापून नेल्या.

काडी नेण्यात एक धोका असतो, तो मात्र फार उशिरा लोकांच्या ध्यानात आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बल्गेरियातल्या शेतकऱ्यांना आपल्या फळांवर फिकट वळी आणि खळगे दिसू लागले. फळ अकाली गळे, आणि जे राही ते बेचव. त्यांनी या रोगाला 'शार्का' म्हटले, म्हणजे देवी. माणसाच्या चेहऱ्यावर देवीचे वण असावेत तसे ते फळ दिसते. अतानासोव्ह या शास्त्रज्ञाने १९३२ साली हा विषाणूचा रोग असल्याचे मांडले. मावा हा किडा तो जवळच्या झाडांवर पसरवितो. पण देशांच्या सीमा त्याने ओलांडल्या त्या माणसाच्या हातातून, कलमाच्या काडीतून. रोगी झाडाला औषध नाही. ते तोडून जाळावे लागते.

शेजारच्या सर्बियात आलुबुखार म्हणजे घरचा देवच म्हणा ना. घरोघर त्याची 'श्लिव्होवित्सा' नावाची दारू गाळतात, आणि बारशापासून बाराव्यापर्यंत तिच्यावाचून कोणाचे काही चालत नाही. २०२२ साली युनेस्कोने या परंपरेची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. तेथली जुनी लाडकी जात 'पोझेगाचा'. नेमकी तीच शार्काला सर्वांत लवकर बळी पडते. आजोबांनी लावलेल्या बागा नातवांनी स्वतःच्या हातांनी तोडल्या. चाचाक गावच्या फळसंशोधन संस्थेने संकराने नव्या, तग धरणाऱ्या जाती काढल्या. 'चाचान्स्का रोदना' ही १९७५ सालची त्यांतलीच एक. त्यामुळे धंदा सावरला. परंतु पोझेगाचाची चव नव्या झाडांना नाही, असे तेथील वृद्ध माणसे म्हणतात. आपल्याकडे हायब्रीड ज्वारीबद्दल जे ऐकू येई तेच हे. १९९९ साली हा रोग अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, उघडकीस आला, तेव्हा तेथे दीड हजार एकरांच्या वर बागा तोडल्या गेल्या आणि वीस वर्षांच्या पहाऱ्यानंतर, २०१९ साली, देश रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज जगातले निम्म्याहून अधिक आलुबुखार पुन्हा ली कुळाच्या चीनमध्येच पिकते.

आपल्या मंडईत जूनमध्ये जे लालजांभळे ताजे फळ येते, ते बहुतेक हिमाचल प्रदेशातले. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत कुलूला जाण्याचा योग आला. तेथे एका उतारावर एक वयस्क बागवान उन्हाला पाठ देऊन कलमे बांधीत बसला होता. शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या. मी कशाची म्हणून विचारले, तर म्हणाला, "सेंटारोजा." खुंट कोणता? तर रानजर्दाळूचा. म्हणजे पिवळ्या आलूच्या पायावर चीनचा आलू! बरबँकचे नाव त्याने ऐकलेले नव्हते, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेले दिसले नाही. चाकूने तिरपा काप, त्यात जिभेसारखी खाच, दोन साली एकमेकींना अचूक भिडवून वर पट्टी. माझे पाहून होईपर्यंत त्याची तीन झाली.

मला राहवले नाही. एक काडी पुण्याला न्यायला द्याल का, म्हणून विचारले. त्याने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग समोरच्या बर्फाकडे बोट दाखवून हसत म्हटले, "काडी द्यायला काय आहे बाबूजी? पण हे कसं नेणार?" आजीचेच उत्तर, दुसऱ्या भाषेत. मग त्याने बांधून झालेल्या कलमांना पत्र्याच्या पट्ट्या अडकविल्या. प्रत्येकीवर देवनागरीत नाव कोरलेले होते, आणि तार त्याने प्रत्येक वेळी दोनदा पिळून घट्ट केली.